पन्नास हर्ट्झच्या शेजारचा पल्सार

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी सरांनी माझ्या हाती पीएसआर जे०५१४-४००२ए सोपवला. एनजीसी १८५१ या गोलाकार तारकागुच्छातला हा पल्सार, म्हणजे गरगर फिरत रेडिओ स्पंद पाठवणारा न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा), खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने शोधला, २००४ साली जाहीर झाला. स्वतःभोवतीची गिरकी ४.९९ मिलिसेकंदांची, साथीदाराभोवतीची फेरी १८.८ दिवसांची, आणि कक्षा विलक्षण लांबट: विकेंद्रता ०.८८८ (वर्तुळाची शून्य). उत्तर छापलेलं होतंच. दुर्बिणीच्या नोंदींतून ते पुन्हा काढून दाखवायचं, एवढंच काम.

एवढंच! ४.९९ मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला २०० गिरक्या आणि वर किंचित. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची चौपट बरोबर २००. पल्सार शोधणाऱ्या ‘प्रेस्टो’ या सॉफ्टवेअरने काढलेल्या पहिल्या यादीत त्यामुळे महावितरणच जास्त दिसत होतं. निवाडा केला तो लहरींना होणाऱ्या उशिराने. वाटेतल्या विरळ वायूतले इलेक्ट्रॉन कमी वारंवारतेच्या लहरींना जास्त रखडवतात. या पल्सारचा ३०० मेगाहर्ट्झवरचा स्पंद ५०० मेगाहर्ट्झवरच्या स्पंदानंतर साधारण दीड सेकंदाने पोचतो. तारांतली घरघर मात्र सगळ्या वारंवारतांवर एकदमच येते. ती दीड सेकंदाची दुरुस्ती केली की वीज फिसकटते आणि पल्सारचं टोक वर येतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उगाच कॉरिडॉरमध्ये फेरी मारून आले.

मग पृथ्वीची स्वतःची गती वजा करून रोजचा आवर्तकाल, म्हणजे दोन स्पंदांमधला वेळ, आलेखावर मांडायला घेतला; कक्षेत पल्सार आपल्याकडे येतो किंवा दूर जातो तसा तो बदलतो. इथे लांबट कक्षेचा खरा त्रास कळतो. साथीदारापासून दूर असताना पल्सार रेंगाळतो. दिवसच्या दिवस ठिपके जवळपास एका रेषेत. सगळी पळापळ जवळून जातानाच्या थोडक्या तासांत. आणि हा गुच्छ खोडदहून जेमतेम ३१ अंश वर येतो, रोज पाच-सहा तासच हाती लागतो. नेमकी ती भेट तो क्षितिजाखाली असताना झाली, की ती फेरी वाया. १९७४ साली अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीवर खगोलशास्त्रज्ञ हल्स यांना सापडलेली पल्सार-जोडी पावणेआठ तासांत फेरी पुरी करते, एका बैठकीतच आवर्तकाल सरकताना दिसतो. मला त्यांचा हेवा वाटला.

शेवटी जवळच्या टोकाचे दोन दिवस नोंदींत सापडले आणि वक्र बसला. वस्तुमान मात्र माझ्या आवाक्याबाहेरचं. त्यासाठी कक्षेचा अक्ष वर्षाला सुमारे ०.०१३ अंशाने वळतो ते मोजावं लागतं, म्हणजे वर्षानुवर्षांच्या नोंदी हव्यात. २०१९ च्या निकालानुसार दोघं मिळून सूर्याच्या २.४७ पट, साथीदार सुमारे १.२२ पट. तो जड श्वेत बटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा विझलेला गाभा) की दुसरा न्यूट्रॉन तारा, हे एवढ्यावरून ठरत नाही. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आला. मी तेच सांगितलं, परीक्षक हसले.

याच गुच्छातल्या ‘ई’ पल्सारचा साथीदार, २०२४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांतून जाहीर झालेला, सूर्याच्या २.०९ ते २.७१ पट भरतो: न्यूट्रॉन ताऱ्यासाठी जड, कृष्णविवरासाठी हलका. पीएच.डी.ला तोच मागणार आहे.