आमची वाटचाल : ९९ डॉलरच्या खोक्याची वाट पाहताना

सुरुवातीला आम्ही तिघंच होतो. मी, माझा धाकटा भाऊ आणि चित्रं काढणारी आमची कॉलेजातली मैत्रीण. दुसऱ्यांसाठी मोबाइलवरचे छोटे खेळ बनवून द्यायचो. काम मिळायचं, पण खेळावर नाव दुसऱ्याचं. एका गिऱ्हाइकाने तर शेवटचा हप्ता बुडवला. आपला स्वतःचा खेळ हवा, तो टीव्हीवर चालावा आणि दोघांनी शेजारी बसून खेळावा, हे तिघांच्याही मनात होतं. पण मोठ्या कन्सोलसाठी, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी, आधी त्या कंपनीची मान्यता लागायची, मग विकासकांसाठीचं खास यंत्र घ्यायचं. आमची उडी तिथवर पोचत नव्हती.

जुलै २०१२ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या संकेतस्थळावर, ऊया या स्वस्त कन्सोलची घोषणा झाली. ज्युली उर्मन यांची कंपनी, रूप ईव्ह बेहार यांचं. हातात सहज मावेल एवढा चौकोनी ठोकळा, आत अँड्रॉइड, किंमत ९९ डॉलर. साडेनऊ लाख डॉलर मागितले होते, ते काही तासांतच जमले. महिनाभरात ६३ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ८५ लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली. आम्ही आकडा बघत होतो आणि तो डोळ्यांसमोर वाढत होता. पण माझी झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. विकत घेतलेल्या प्रत्येक नगावर खेळ बनवता येणार होता, वेगळं यंत्र लागणार नव्हतं.

"ताई, हे आपल्यासाठीच आहे," भाऊ म्हणाला. त्याच रात्री आम्ही एक नग नोंदवला.

मैत्रीण मात्र सावध होती. तिने झीबोची आठवण करून दिली. तोही स्वस्त कन्सोल, २००९ मध्ये ब्राझीलमध्ये आला, खेळ मोबाइल नेटवर्कवरून उतरवून घ्यायचे. कल्पना चांगली होती, पण २०११ मध्ये तिथलं सगळं गुंडाळावं लागलं. तिचं म्हणणं खरं होतं आणि तरीही आम्ही पुढे गेलो. स्वस्त कन्सोल आला की ज्या घरात मोठा कन्सोल कधीच आला नसता तिथे खेळ पोचतो, आणि ज्यांना तो बनवणं परवडलं नसतं त्यांनाही बनवता येतो, असं मला तेव्हा वाटत होतं. आजही वाटतं.

आमच्या खेळात एकाच होडीत दोघं बसतात. एकाच्या हाती डावं वल्हं, दुसऱ्याच्या हाती उजवं. दोघांचा ताल जुळला तर होडी सरळ जाते, नाहीतर गोल फिरते. वर पाऊस.

खोका हाती यायला बराच अवकाश होता. त्याच जुलै महिन्यात नेक्सस ७ हा टॅबलेट बाजारात आला होता. त्यातही ऊयासारखीच टेग्रा ३ चिप आणि १ जीबी मेमरी. म्हणून आम्ही तो घेतला, त्याला कंट्रोलर जोडला आणि खेळ त्यावरच उभा केला. फक्त तो टॅबलेट टीव्हीला जोडायची सोय नव्हती. यामुळे काय होणार याचा अंदाज आम्हाला आला नाही.

त्या महिन्यांत आम्ही सर्वांत जास्त भांडलो ते फुकट भागावरून. ऊयावर प्रत्येक खेळात काही ना काही फुकट खेळायला देणं बंधनकारक होतं. आधी खेळा, आवडला तर पैसे द्या. मला हा नियम मनापासून आवडला होता. पण पैसे मागायची जागा नेमकी कुठे ठेवायची? भावाला ती धबधब्याच्या आधी हवी होती, म्हणजे उत्सुकता ताणली जाईल. मी म्हटलं, पहिला धबधबा दोघांनी मिळून पार केला पाहिजे, मगच विचारायचं. ओळखीतल्या मुलांना बसवून बघितलं. धबधब्यानंतर ती एकमेकांकडे बघून हसत होती आणि पुढचा टप्पा मागत होती. वाद तिथे मिटला.

नोंदणी केलेल्यांना खोके पाठवायला मार्च २०१३ च्या अखेरीस सुरुवात झाली. आमचा मे महिन्यात आला. तो टीव्हीला लावला, खेळ सुरू केला आणि तिघंही गप्प झालो. कोपऱ्यातला गुणांचा आकडा अर्धाच दिसत होता. बरेच टीव्ही चित्र जरासं मोठं करून त्याच्या कडा पडद्याबाहेर ढकलतात. टॅबलेटवर हे कळायला मार्गच नव्हता. सोफ्यावरून अक्षरं वाचता येत नव्हती. आणि आमचा लाडका पाऊस खेळाचा गळा आवळत होता. पावसाचे तीन अर्धपारदर्शक थर पूर्ण पडद्यावर, तेही टीव्हीच्या १०८० रेषांमध्ये. प्रत्येक ठिपका चिपला पुन्हा पुन्हा रंगवावा लागत होता. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. आम्ही त्याच्या दुप्पट घेत होतो.

ऊयाची दुकानांतली विक्री ४ जूनला सुरू होणार होती. आमच्या हातात चार आठवडेही नव्हते. तेवढ्यात बातमी आली की दुकानांना जास्त नग पुरवता यावेत म्हणून तारीख २५ जूनवर गेली. वाट बघणारे अनेक जण चिडले. आमच्या खोलीत मात्र सुटकेचा श्वास टाकला गेला. त्या तीन आठवड्यांवर आमचा खेळ तरला, हे मी आजही मान्य करते.

मैत्रिणीने पाऊस नव्याने काढला. वरचा थर एकच ठेवला आणि उरलेला पाऊस पाण्यावर आणला, उमटून विरणाऱ्या लहान लहान वर्तुळांचा. चित्र ७२० रेषांवर आणलं. खेळ ६० वर पळायला लागला आणि आधीपेक्षा सुंदर दिसायला लागला.

मग उशिराचा प्रश्न. बटण दाबल्यावर वल्हं किती वेळाने हलतं? भावाने मोबाइल अशा कोनात उभा केला की अंगठा आणि टीव्ही दोन्ही एकाच चित्रात येतील. चित्रफीत घेतली आणि एकेक चित्र पुढे सरकवत मोजलं. सेकंदाला ३० चित्रांच्या त्या फितीत अंगठा दाबल्यापासून वल्हं हलेपर्यंत पाच चित्रं जात होती. टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्र कमी उशिराने दाखवायची सोय, सुरू केल्यावर तीन. म्हणून खेळाच्या पहिल्याच पडद्यावर गेम मोड सुरू करण्याची सूचना टाकली.

त्याच जून महिन्यात मोठ्या कंपन्यांनी नव्या कन्सोलच्या किमती सांगितल्या. प्लेस्टेशन ४ ३९९ डॉलर, एक्सबॉक्स वन ४९९. आम्ही ते आकडे फळ्यावर लिहिले, खाली ९९ लिहिलं आणि पुन्हा कामाला लागलो.

२५ जूनला रात्रभर जागलो. पहिल्या तासाला मोजकेच डाउनलोड झाले, पण परक्या देशातल्या एकाने लिहिलं की तो आणि त्याची आई होडी गोल गोल फिरवत हसत बसले आहेत. तो निरोप छापून आम्ही भिंतीवर लावला.

पैशांचं गणित माझं चुकलं. किकस्टार्टरवरचा उत्साह म्हणजे विक्री, असं धरून मी वर्षाचा खर्च मांडला होता. फुकट भाग खूप जणांनी खेळला, विकत घेणारे थोडेच निघाले. सहा महिन्यांनी पुन्हा दुसऱ्यांची कामं घेतली. मात्र आता टीव्हीचं काम आम्हाला येत होतं. मोबाइलवरचे खेळ टीव्हीवर नेऊन द्यायचे, कडा सांभाळायच्या, अक्षरं मोठी करायची, उशीर मोजायचा. तेव्हापासून आमचं घर त्यावर चालतं. आज आम्ही सात जण आहोत.

२०१५ मध्ये ऊयाचा सॉफ्टवेअरचा भाग रेझर या कंपनीने घेतला आणि २५ जून २०१९ ला ती सेवा बंद झाली. विक्री सुरू झाली त्याच तारखेला, सहा वर्षांनी. त्याआधी आम्ही होडीचा खेळ संगणकावर आणून ठेवला होता, पाऊस तोच ठेवून.

सध्या आणखी एका नव्या स्वस्त कन्सोलची वाट बघतोय. चाचणीचा नग कालच आला. भावाने मोबाइल पुन्हा त्याच कोनात उभा केला आहे. आता तो सेकंदाला २४० चित्रं टिपतो, आणि आमच्यात नवी आलेली मुलगी अंगठा बटणावर ठेवून त्याच्या इशाऱ्याकडे बघते आहे.