कानशिलाचा मार

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. दुपारची ओपीडी आटोपत आली तेव्हा विशीतला एक मुलगा मोटरसायकलवरून आला; पुढे काका, मागे आई, मध्ये तो. बैल सोडताना कापसाने भरलेली बंडी उलार झाली आणि उसळलेलं जू डाव्या कानशिलावर बसलं. शेतात थोडा वेळ बेशुद्ध होता, मग उठून पाणी प्याला. आत आला तो स्वतःच्या पायांनी.

"काई नाई झालं साहेब, मुका मार हाय. एक सुई मारा न जाऊ द्या."

जखम नव्हती, रक्त नव्हतं. पण गालाच्या हाडाच्या कमानीवर दोन बोटं आणि डोळ्याच्या कडेच्या हाडामागे अंगठाभर, नेमकी तिथे सूज होती. दाबली की पिचपिचीत लागत होती. याला सोडायचं नाही, हे माझं तिथेच ठरलं.

ही जागा म्हणजे टेरिऑन. कपाळाचं फ्रंटल, बाजूचं पॅरायटल, कानाजवळचं टेम्पोरल आणि डोळ्यामागून येणारं स्फेनॉइड, ही चार हाडं इथे बहुधा एच अक्षरासारख्या शिवणीने जुळतात. कवटी इथे फार पातळ. शिकत असताना आम्ही ती बल्बसमोर धरायचो, तर कानशिलातून उजेड झिरपायचा. आतून इथेच मिडल मेनिंजिअल धमनीची पुढची शाखा हाडाला चिकटून जाते. हाड तडकलं की ती फाटू शकते. मग रक्त साचत जातं, मेंदूवरचं जाड आवरण हाडापासून सुटत जातं आणि काही जण तोवर व्यवस्थित बोलत असतात. अशांनाच घरचे घेऊन जातात, "निजू द्या त्याले" म्हणतात. मला त्या निजण्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

आमच्याकडे सीटी स्कॅनचं मशीन नाही. अॅम्ब्युलन्स बाळंतिणीला सोडायला गेलेली. काका चिडले, "पोरगा चांगला बोलून रायला ना!" मी आईला म्हटलं, "मावशी, बैलांचं कोणी तरी बघेल. याला इथंच राहू द्या." ती खाटेजवळ बसली.

दर पंधरा मिनिटांनी नाव विचारायचं, हात दाबायला सांगायचं, डोळ्यांत टॉर्च मारायचा. पाचनंतर त्याने डोकं धरलं, उलटी केली. मघाशी नावागावासकट सांगणारा मुलगा आता नुसता "हूं" म्हणू लागला. नाडी ८८ वरून ५६ वर आली, बीपी चढलं. टॉर्च मारला तर उजवी बाहुली चटकन आकसली. डावी मोठी, उजेडाला जेमतेम हलणारी. म्हणजे डाव्या बाजूला मेंदूवर दाब वाढत होता.

खाटेची डोक्याकडची बाजू उचलली, ऑक्सिजन लावला, मेंदूवरचा दाब उतरवणारं मॅनिटॉल सुरू केलं. सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्याला फोन करून एवढंच सांगितलं: डावं कानशील, डावी बाहुली, थेट सीटीवर घ्या. अॅम्ब्युलन्स फाटकात शिरली तशी मीही आत चढलो. वाटभर त्याची हनुवटी वर धरून होतो.

सीटीत त्याच जागी भिंगाच्या आकाराचा पांढरा गोळा दिसला. रात्रीच हाड उघडून गोठलेलं रक्त काढलं, धमनी बंद केली. पहाटे त्याने आईला ओळखलं.

आता कानशिलाचा मार म्हटला की आमच्या सिस्टर केसपेपर निघायच्या आधी खाट रिकामी करतात आणि टॉर्चचे सेल तपासतात. नातेवाइकांना थांबवून धरायचं काम माझं.