लेयर नंबर 1873

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या आजूबाजूला सगळ्या फाउंड्र्या नाहीतर मशीन शॉप, आणि मध्येच आम्ही धातूचं थ्री-डी प्रिंटिंग करणारे. चहाच्या गाड्यावर कुणी विचारलं तर मी सरळ "लेझर वेल्डिंग" म्हणून मोकळा होतो, खोटं पण नाही म्हणा ते. 316एल स्टीलची पिठासारखी पावडर पसरायची, 40 मायक्रॉनचा थर, आरगॉन वायूमध्ये लेझरनं हवी तेवढीच वितळवायची, की परत थर.

जॉब होता कंट्रोल व्हॉल्व्हचा केज, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला भोकाभोकांचा पिंजरा, उंची 118 मिलिमीटर म्हणजे 2950 थर. अणुवीज केंद्रांना माल देणाऱ्या एका पार्टीचा ट्रायल पीस. पावडर मिळवतानाच जीव गेला, कारण कोबाल्ट 0.05 टक्क्याच्या आत पाहिजे. इतर गिऱ्हाईक कोबाल्टचं नावसुद्धा काढत नाही, पण रिअॅक्टरच्या पाण्यात झिजलेला कण न्यूट्रॉनच्या माऱ्यात सापडला की त्यातल्या कोबाल्ट-59 चा कोबाल्ट-60 होतो, अर्धायुष्य सव्वापाच वर्षं, आणि तो पाइपात जिथं चिकटेल तिथं मेंटेनन्सवाल्यांना गॅमा खात काम करावं लागतं.

जुलैची रात्र, आपला बेळगावचा पाऊस. "करेंट होत्री सर!" हेल्पर ओरडला. पाच सेकंदात लाइट परत आली. मशीन यूपीएसवर होतं, लेझर थंड ठेवणारा चिलर नव्हता. त्यासाठी मी दोनदा लिहून दिलेलं, साहेब दोन्ही वेळेला "बघू की". चिलर पडला की लेझर पडतो. पाणी तापमानाला येऊन, चेंबरमधला ऑक्सिजन खाली येऊन परत सुरू करेपर्यंत 47 मिनिटं, तेवढ्यात खालचा गरम पीस जरासा आकसला. पीस बाहेर काढला तर 1873 व्या थराला सगळीकडून केसाएवढी रेघ.

साहेब म्हणाले, लेथवर टर्निंगला जाणारच आहे, जाईल की ती. बाहेरची जाईल हो, पण आतल्या वाकड्या रस्त्यांत कुठलं टूल घालणार? शेजारच्या फाउंड्रीतले मोल्डर मामा सहज आलेले, त्यांनी नख फिरवलं आणि म्हणाले, "कोल्ड शट हाय की रे ही." ओतकामात धातूच्या दोन धारा भेटतात पण एकजीव होत नाहीत, त्या फटीला म्हणतात कोल्ड शट. तीस वर्षं वाळूत हात घातलेला माणूस, तो शब्द डोक्यातून जाईना.

गंमत म्हणजे फॉर्ममध्ये बिल्ड थांबला का, हे विचारलेलंच नव्हतं. क्वालिटी प्लॅन कास्टिंगवरून उचललेला, त्यात "ओतकामाचं तापमान" असा रकाना, तिथं आम्ही एनए, म्हणजे लागू नाही, लिहायचो. मी शेऱ्यात लिहिलं, लेयर 1873, 47 मिनिटं. पीस होल्डवर गेला.

सीटी स्कॅन स्वच्छ आला. सोबत छापलेल्या कूपनच्या, म्हणजे चाचणीच्या नमुन्यांच्या, रॉड ओढून बघितल्या, त्या रेघेपासून लांबच तुटल्या. पण घट्ट मिटलेली फट सीटीला दिसेलच असं नाही, मग शेवटी पार्टीच्याच सांगण्यावरून वायरकटवर केज उभा चिरला. पॉलिश करून, अॅसिडनं एचिंग करून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर धातूचे दाणे रेघेच्या आरपार उभे वाढलेले, फट नाही, काही नाही. चांगला पीस होता हो, आणि चिरून बसलो.

साहेब ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. नुसतं म्हणाले, "गप्प बसला असतास तर गेला असता की रे." गेला असता, खरंय. त्या रात्री मला तरी कुठं माहीत होतं आत काय आहे ते.

चिलरला यूपीएस मिळाला. परवा दुसऱ्या पीसचा फॉर्म भरला, रकाना तोच. ओतकामाचं तापमान: एनए.