आमची वाटचाल: किती मिलिमीटर?

मालवणात डायव्हिंगचं साहित्य भाड्याने देण्यापासून आमचा धंदा सुरू झाला. पुढे विक्री आली, मग दुरुस्तीचं टेबल आलं. गिऱ्हाईकाचा प्रश्न मात्र तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे: वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब राखणारा निओप्रीनचा (फोमसारख्या रबराचा) अंगाला घट्ट बसणारा पोशाख, किती मिलिमीटर जाडीचा घेऊ? या प्रश्नाचं उत्तर देण्याची पद्धत पक्की होत गेली, तसं आमच्या रॅकवरचं सामानही बदलत गेलं.

ऑक्टोबर ते मे या हंगामात इथलं पाणी साधारण २६ ते ३० अंश असतं. हे गार पाणी नव्हे, म्हणून ‘सूट कशाला?’ असंही लोक विचारतात. पण अंग ३७ अंशांचं असतं आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. २७ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं मजेत जातात, तासाभराने दात वाजू लागतात. त्यामुळे तापमानाच्या आधी आम्ही विचारतो ते हे: पाण्यात किती वेळ राहणार, दिवसात किती वेळा उतरणार आणि किती खोल जाणार?

पहिल्यांदाच खाली जाऊन मासे बघणाऱ्या पर्यटकाला २ किंवा ३ मिमीची शॉर्टी, म्हणजे आखूड हातापायांचा सूट, पुरते. आम्ही तरी ३ मिमीचा फुल सूट, म्हणजे पूर्ण हातापायांचा, पुढे करतो. खडकांवरची कालवं ढोपरं सोलतात, जेलीफिशचे दिवस असले तर तेही आलंच. इन्स्ट्रक्टरचं गणित वेगळं. तो सकाळपासून एकेका पर्यटकाला घेऊन खाली जातो, वर येतो, पुन्हा जातो. मधल्या वेळात गेलेली ऊब भरून निघत नाही. त्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मतलई वारा वाहतो आणि भिजलेल्या सुटावरचं पाणी वाळताना अंगाची उष्णता घेऊन जातं. अशा माणसाला ३ मिमीचा फुल सूट आणि होडीत वरून चढवायला वारा अडवणारं जाकीट, ही जोडी आम्ही देतो. नुसता जाड सूट घेण्यापेक्षा ते जाकीट जास्त कामाचं, आणि स्वस्तही.

डायव्हिंगसाठी आमचा ढोबळ हिशेब असा: २९ अंशांच्या वर रॅशगार्ड (पातळ ताणकापडाचा अंगरखा), २६ ते २९ ला शॉर्टी किंवा ३ मिमी फुल, २२ ते २६ ला ३ मिमी फुल, १८ ते २२ ला ५ मिमी. ज्याला मुळातच थंडी लवकर वाजते त्याने एक पायरी जाड सूट घ्यावा. हंगामाच्या सुरुवातीला एक गोष्ट लक्षात ठेवावी. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे किनाऱ्याजवळ खोलातलं गार पाणी वर सरकलेलं असतं. त्यामुळे ऑक्टोबरात पृष्ठभाग कोमट आणि तळ काही अंशांनी गार, असं होऊ शकतं. होडीतून हात बुडवून सूट ठरवू नये.

सर्फिंगला हाच तक्ता लावू नका. हातपाय सतत चालू असतात, खोली नसते, त्यामुळे एक पायरी पातळ चालतं. मुला-नातवंडांकडे सिडनीला जाणारे लोक विचारायला येतात. तिथलं पाणी हिवाळ्याच्या शेवटी १८-१९ अंशांवर उतरतं, उन्हाळ्यात २३ च्या आसपास असतं. हिवाळ्यासाठी ३/२ चा फुल सूट, म्हणजे धडाला ३ आणि हातापायांना २ मिमी. उन्हाळ्यात २ मिमीची शॉर्टी.

‘मग सरसकट ५ मिमीच घेतो की!’ हे वाक्य आम्ही फार ऐकतो. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बंद बुडबुडे असतात, ऊब तेच राखतात. मोठ्या माणसाच्या सुटाचं क्षेत्रफळ सुमारे १.७ चौरस मीटर धरलं, तर २ मिमी जादा जाडी म्हणजे जवळजवळ साडेतीन लिटर जादा निओप्रीन. त्याचं स्वतःचं वजन वजा केलं तरी खाली जाता यावं म्हणून अडीच किलोच्या आसपास शिसं कमरेला वाढवावं लागतं. १० मीटरवर दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे निम्म्यावर येतात, २० मीटरवर एक तृतीयांशावर. सूट पातळ होतो, तरंगण कमी होतं, शिसं मात्र तेवढंच राहतं. नवखा डायव्हर मग तळाशी जड होतो, तरंगण सांभाळणाऱ्या डायव्हिंगच्या जॅकेटमध्ये हवा भरत बसतो आणि वर येताना तीच फुगलेली हवा त्याला झपाट्याने वर ढकलते. आपल्या पाण्यात हे संकट विकत घेण्याचं कारण नाही.

जाडीपेक्षा माप महत्त्वाचं. सुटाच्या आत पाण्याचा पातळ थर शिरतो, अंग तो तापवतं आणि तोच थर टिकला तर ऊब राहते. ढगळ सुटात दर हालचालीला नवं पाणी आत येतं. तिथे ५ मिमीही वाया. दुकानात सूट कोरडाच घालून बघतो. हात वर करायचे, उकिडवं बसायचं, दीर्घ श्वास घ्यायचा. कमरेच्या खळगीत निओप्रीनची मूठ भरत असेल किंवा जांघेत नि काखेत पोकळी राहत असेल, तर एक नंबर कमी करायचा. कॉलर मात्र घट्ट नको. गळा आवळला की घेरी येऊ शकते. मुलांची अंगं लवकर गार पडतात, त्यांना एक पायरी जाड आणि नेमक्या मापाचा सूट हवा. शाळेच्या गणवेशासारखा वाढत्या अंगाचा घेऊ नका.

शिवणीत दोन जाती महत्त्वाच्या. सपाट शिवण सुई आरपार नेते, भोकांतून पाणी झिरपतं, पण ती मऊ आणि मजबूत, आपल्याकडे चालते. १८-२० अंशांच्या पाण्यासाठी कडा चिकटवून अर्ध्या जाडीपर्यंतच टाका घातलेली शिवण घ्यावी. पैसे जास्त पडतात, पण तिथे ते वसूल होतात.

दुरुस्तीला येणारे बहुतेक सूट नखांनी फाटलेले असतात. चढवताना बोटांच्या पेरांनी ओढा, पायात प्लॅस्टिकची पिशवी घातली की पाय सरकतो. चंद्रकोरीसारखा काप पडलाच तर आधी गोड्या पाण्याने धुऊन सूट पूर्ण वाळवा. आत मीठ राहिलं तर जोड सुटतो. दोन्ही कडांना निओप्रीनच्या गोंदाचा पातळ हात द्या, साधारण दहा मिनिटं थांबा, दुसरा हात द्या. बोटाला चिकटेनासा झाला की एका टोकापासून कडा दाबत चला आणि २४ तास सूट हलवू नका. ओल्या गोंदावरच कडा जुळवल्या, तर आत अडकलेला द्राव फुगे धरतो आणि पहिल्याच ताणाला तोंड उघडतं.

भाड्याचे सूट सपाट होत जातात, विशेषतः शिशाच्या कमरपट्ट्याखाली. पावसाळ्यात दुकान बंद असताना आम्ही प्रत्येक सूट छातीवर आणि कमरेवर कॅलिपरने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजतो. ३ मिमीचा सूट २ वर आला की तो डायव्हिंगमधून निघून स्नॉर्केलिंगच्या, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत मासे बघणाऱ्यांच्या, रॅकवर जातो. बाकीचे धुऊन, सावलीत उलटसुलट वाळवून, चेनला मेण लावून रुंद हँगरवर टांगले जातात. घडी घातली तर सप्टेंबरपर्यंत तिथे कायमची रेघ पडते आणि निओप्रीन पुढे त्याच रेघेवर फाटतं.