दिवाळीनंतर बारावीचं पुस्तक उघडवत का नाही

दिवाळीची सुट्टी संपते, क्लासचा पोर्शन जवळपास उरकलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच बारावी सायन्सची पोरं ढेपाळतात. घरात याला सरसकट ‘आळस’ म्हणतात. थोडा असतोही. पण जूनमध्ये हीच पोरं नीट बसत होती. तेव्हा धडा नवा होता, संपला की संपला. आता उरली ती रिव्हिजन, आणि ‘आज फिजिक्स करायचं’ या कामाला ना सुरुवात असते ना शेवट. चार तास पुस्तकापुढे बसूनही काही झाल्यासारखं वाटत नाही, मग पाचव्या दिवशी बसावंसंच वाटत नाही.

त्यात दोन परीक्षा दोन दिशांना ओढतात. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या राज्याच्या सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, वेळ ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. राज्य बोर्डाचा फिजिक्सचा पेपर मात्र ७० गुणांचा, तीन तास हाताने लिहायचा. वर्षभर पर्यायांवर टिचक्या मारलेला हात प्रिलिमला अडतो. उत्तर डोक्यात असतं, कागदावर उतरत नाही. मार्क कमी पडतात आणि ‘बोर्ड काय, पास झालं की बस’ ही समजूत घट्ट होते. हा हिशेब चुकीचा आहे. जेईई या देशपातळीवरच्या परीक्षेतून एनआयटीत, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, जायचं तर बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा लागते.

यावर पहिला उपाय म्हणून बहुतेक जण चौदा तासांचं टाइमटेबल रंगीत पेनांनी काढतात. तिसऱ्या दिवशी ते मोडतं, कारण त्यात जेवण, प्रवास, कॉलेज यांचा वेळच धरलेला नसतो. मोडलं की अख्खा दिवस सोडून दिला जातो. त्यापेक्षा दिवसाला तीनच कामं कागदावर लिहा, आणि प्रत्येक काम असं, की झालं की नाही हे दुसऱ्याला बघून सांगता यावं. ‘ऑसिलेशन्स वाचणं’ हे काम नव्हे. ‘ऑसिलेशन्सची पाच गणितं, पुस्तक मिटून’ हे काम.

बॅकलॉग असेल तर पहिल्या धड्यापासून सुरुवात करू नका. फिजिक्सचा पहिला धडा रोटेशनल डायनॅमिक्स. तिथेच अडकून दरवर्षी कित्येकांचा जानेवारी जातो. शेवटचा, सोळावा धडा घ्या: सेमीकंडक्टर डिव्हायसेस. फुल वेव्ह रेक्टिफायर एकदा वाचा, पुस्तक मिटा आणि पेन्सिलीने आकृती काढा: सेंटर टॅपचा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, लोड रेझिस्टन्स. मग पुस्तक उघडून लाल पेनाने दुरुस्त करा. बहुतेकांच्या दोनच चुका निघतात. एक डायोड उलटा काढलेला असतो, किंवा इनपुट-आउटपुटच्या लहरी काढायच्या राहिलेल्या असतात. पंचवीस मिनिटांचं काम, पण कागदावर दिसतं. मग झेनर डायोड, सोलर सेल, एलईडी. धडा दोन-तीन दिवसांत हाताखालून जातो, आणि आत्तापर्यंत अडलेलं गाडं हलतं.

बोर्डाच्या फिजिक्स पेपरची रचनाही मदतीला येते. २ गुणांचे बारातले आठ, ३ गुणांचे बारातले आठ, ४ गुणांचे पाचातले तीन. म्हणजे ७० गुण लिहायचे असतात, पण छापलेले असतात ९८ गुणांचे. सगळं आलंच पाहिजे, या धास्तीने काहीच न करण्यापेक्षा हे आकडे भिंतीवर लावलेले बरे. १० गुणांचे पर्यायी आणि ८ गुणांचे एका वाक्याचे प्रश्न मात्र सगळे सोडवायचे असतात, तिथे सूट नाही.

आणि मोबाइल. ‘नोट्सची पीडीएफ त्यातच आहे’ ही सबब खरीच असते, म्हणून जास्त घातक. झेरॉक्स काढा, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

एक अपवाद. दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, असं असेल तर टाइमटेबलने काही होणार नाही. घरी सांगा, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो.

बाकी ज्या संध्याकाळी डोकं खरंच चालत नाही, ती प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी ठेवा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोला प्रॅक्टिकलचे प्रत्येकी ३० गुण. रीडिंगचे तक्ते भरणं, आलेख काढणं याला उत्साह लागत नाही, टोकदार पेन्सिल लागते. प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्र-रात्र जागून दुसऱ्याची रीडिंग उतरवणाऱ्यांचा बोर्डाच्या तयारीचा एक आख्खा आठवडा त्यातच जातो, आणि सरांच्या सहीसाठीची रांग वेगळीच.