डब्ब्यानं खाल्लेला कापूस

शांतता मी डिसेंबरात विकत घेतली, तिथंच फसलो.

दर्यापूरकडच्या आमच्या गावात हिवाळ्याच्या रात्री अशा निवांत असतात, की अंगणातलं कुत्रं कुशीवर वळलं तरी कळतं. अशा रात्री माझा जुना कॉम्प्युटर, लग्नाची शूटिंग रेंडर करायला, म्हणजे जुळवलेल्या तुकड्यांची एक अखंड फिल्म बनवायला घेतली की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा. आई त्याच खोलीत झोपते. तिनं दोन-चारदा गोधडी डोक्यावरून ओढली, मग एकदा उठूनच बसली. "रातभर काय दळून राहिला बाप्पा?"

म्हणून नवा कॉम्प्युटर जुळवताना मी आवाज न करणारी कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग बसवायचा डब्बा, मागवली. पुढं जाळी नाही, सपाट काळं दार. दाराला आणि बाजूच्या पत्र्यांना आतून जाड फोम. हवा आत यायला दाराच्या दोन कडांना बोट जाईल एवढ्या फटी, बस. दार लोटलं की चांगल्या गाडीच्या दारासारखं 'धप्प' वाजायचं. खरं सांगायचं तर त्या धप्पवरच मी भुललो. जानेवारीत तर कॉम्प्युटर चालू आहे की नाही, हे मी वाकून त्याचा दिवा बघून ठरवायचो.

पण आमचा धंदा हिवाळ्याचा नाही. शेतं रिकामी, शाळांना सुट्ट्या आणि डोक्यावर ऊन रटरटतंय, अशा वेळीच वऱ्हाडात लग्नं लागतात. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, टेबलावर आठ लग्नं तुंबलेली आणि दर तासाला कुणा नवरदेवाच्या भावाचा फोन, "दादा, आमची शूटिंग कधी भेटन?" त्याच दिवसांत तीन तासांचं रेंडर सहा तासांवर गेलं. पडद्यावर आकडा बघितला, तर प्रोसेसर ९७ अंशांवर. १०० च्या जवळ गेला की तो स्वतःला जाळून घेत नाही, स्वतःच वेग उतरवतो. भर दुपारी बैल नांगराच्या तासातच बसकण मारतो ना, तसं. मग शेपटी पिळा नाहीतर हाका मारा.

आणि आवाज? पंखे जीव तोडून फिरत होते, पण ऐकतं कोण! खोलीत कूलर चालू. आमच्या पत्र्याच्या कूलरपुढं माणसांनाही वरच्या पट्टीत बोलावं लागतं. जिथं आईची हाक मला ऐकू येत नाही, तिथं मी फोम लावलेली कॅबिनेट ठेवून बसलो होतो.

पहिला उपाय सुचला तो बावळटपणाचा. डब्बा उचलून कूलरच्या झोतात ठेवला. यामागं थोडं गणित होतं, नाही असं नाही. कॉम्प्युटरचा पंखा कितीही फिरवा, खोलीच्या तापमानाखाली तो काही थंड करू शकत नाही. खोली ४२ अंशांवर असेल तर त्याची सुरुवातच ४२ पासून. कूलरचं तसं नाही. तिथं पाणी उडून जातं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून आमच्या कोरड्या उन्हात तो हवा दहा-बारा अंशांनी सहज उतरवतो. गणित बरोबर होतं, पाणी चुकीचं होतं. हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. आमच्या कूलरच्या ताट्या महिन्याभरात मिठागरासारख्या पांढऱ्या पडतात. दोन दिवसांत काळ्या दारावर बारीक पांढरे ठिपके दिसायला लागले. तेच पाणी आत मदरबोर्डवर वाळलं तर काय, या विचारानं मी डब्बा मुकाट्यानं जागेवर नेला.

तेवढ्यात आई माझ्यावर ओरडली. कॉम्प्युटरसाठी नव्हे, खिडकीसाठी. उजेड पडद्यावर येतो म्हणून मी मागची खिडकी लावली होती. "थे खिडकी काऊन लावली? हवेले जाले जागा नाई, कूलर नुस्ता घाम आणते मंग!"

हे ती दर उन्हाळ्यात दिवसातून दोनदा ओरडते. मी खिडकी उघडली, खुर्चीत बसलो आणि समोरच्या धप्प दाराकडं बघत राहिलो. आमच्या डब्ब्याचं उलटं होतं. हवेला जायला मागं पंखा होता, यायलाच वाट नव्हती.

दार ओढून काढलं आणि रेंडर तसंच चालू ठेवलं. दहा मिनिटांत ९७ चे ८६ झाले. एक पैसा खर्च नाही. ज्यांचा कॉम्प्युटर तापतो त्यांनी दुकानात जाण्याआधी एवढं करून बघावं. दार काढल्यावर आकडा दणकन उतरला, तर दुखणं वाटेत आहे.

दारामागं धूळ अडवायची चौकोनी जाळी होती. ती काढली आणि हातात अख्खी गादी आली. भाव येईल म्हणून यंदाचा कापूस शेजारच्या खोलीत भरून ठेवलेला. त्याचे तंतू घरभर उडतात, अंगाला खाजवतं, डाळीत सापडतात. जाळीवर त्यांचा करड्या रंगाचा एकसंध थर बसला होता. नखानं कड सोडवली तर भाकरीचा पापुद्रा निघावा तसा पूर्णच्या पूर्ण निघून आला, धूळ बिलगलेला, चक्क गरम. मी तो आईला दाखवला. तिनं बोटांत चोळून बघितला, धागा ओढून बघितला.

"आपलाच हाय," म्हणाली. "थो डब्बा कापूस खाते, अन् तू म्हंते वजन काऊन कमी भरते!"

मग पंखे आणले, पुढच्या बाजूला १४० मिलिमीटरचे दोन. मागचा १२० चा होताच. मोठा पंखा हळू फिरला तरी तेवढीच हवा ढकलतो, आणि आवाजाचा हिशेब तर गमतीचा आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलनं उतरतो. म्हणून एक पंखा पळवण्यापेक्षा दोन चालवलेले बरे. पुढून थोडी जास्त हवा घ्यायची, मागून थोडी कमी सोडायची. मग ती जाळीतूनच गाळून येते, फटीफटीतून धूळ ओढत नाही. उष्ण हवा वर जाते हे शाळेत शिकलेलं खरंच आहे, पण पंख्यापुढं तिचं काही चालत नाही.

एवढं ज्ञान असून मी एक पंखा उलटा बसवला. चौकटीवर बाण असतो, तो मी बघितलाच नाही. आकडा हलेना, तेव्हा देवघरातून उदबत्ती आणली आणि डब्ब्यापुढं धरली. धूर खालच्या पंख्यातून आत गेला आणि वरच्यातून तसाच माझ्या तोंडावर आला. आई दारातून म्हणाली, "आता पूजा मांडली का त्याची?"

पंखा फिरवून बसवला. आता भर दुपारी आकडा ८१-८२ वर असतो. दार उन्हाळाभर कपाटावर. दिवाळीनंतर पुन्हा लावीन. जाळी दर रविवारी झटकतो, कापूस विकला जाईपर्यंत तरी.

परवा रात्री रेंडर चालू असताना लाइन गेली. कूलर घरघरत थांबला. एकदम रातकिडे ऐकू आले, लांब कुठं तरी डीजे, आणि कॉम्प्युटर? काहीच नाही. आई अंगणातल्या बाजेवरून म्हणाली, "बंद पडला का थो?"

"चालू हाय," मी जरा ऐटीतच सांगितलं.

तेवढ्यात टेबलाखालचा यूपीएस कोकलायला लागला.