उजनीच्या पाण्याखालचा भीमाकाठ

माझे आजोळ करमाळा तालुक्यातील भीमाकाठचे असल्यामुळे, उजनी धरणाच्या आधीचे, एक इंचास एक मैल प्रमाणाचे ‘४७ जे’ या क्रमांकाच्या मालिकेतील टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार, पाणी आणि वाटा दाखवणारा सर्वेक्षण नकाशा, हाती आले तेव्हा मी प्रथम नदी शोधली. आज जेथे पळसदेव-भिगवणच्या बाजूला नजर पोहोचेल तिथवर पाणी दिसते, तेथे या नकाशात केवळ एक अरुंद, वळणावळणाचे पात्र आहे. कोरडे पात्र काळ्या आणि टिकणारे पाणी निळ्या रंगाने दाखवण्याचा या नकाशांचा संकेत असल्याने त्यात वाळू किती आणि पाणी किती, हेही कळते.

मला अधिक बोलकी वाटली ती गाडीवाटांची तुटक तांबडी रेषा. दोन्ही काठांवरून या वाटा समोरासमोर नदीत उतरतात, म्हणजे तेथे उतार, नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा, होती. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांची हद्द नदीतून जात असली तरी वाटांना तिचे सोयरसुतक नव्हते, आणि आजीच्या पिढीतील इतक्या सोयरिकी ‘पल्याड’च्या का, हे मला नकाशा पाहूनच नीट उमगले.

पुण्याहून निघालेली रेल्वे १८५८ च्या डिसेंबरात डिकसळपर्यंत आली आणि पुढे भीमा ओलांडून सोलापूरकडे गेली. धरणामुळे रूळ दुसरीकडे वळवल्यावर तोच जुना पूल डिकसळ आणि कोंढार चिंचोली यांच्यामधील रस्त्यासाठी वापरात आला.

धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची पूर्ण जलपातळी ४९६.८३ मीटर, म्हणजे सुमारे १६३० फूट आहे. नकाशावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, पन्नास फुटांच्या अंतराने असल्याने १६०० आणि १६५० यांच्या मधून मी अंदाजाने पेन्सिलीची एक रेषा ओढली. नदीकाठच्या काळ्या जमिनी, पाणी फार उतरले की अजूनही वर दिसणारे पळसनाथाचे जुने देऊळ, असे बरेच काही तिच्या आत गेले. आईने त्या रेषेच्या आत बोट ठेवून आपल्या माहेरची विहीर दाखवली. तेथे खरोखरच एक निळे वर्तुळ असून शेजारी खोलीचा आकडा आहे. तो चुकीचा आहे, विहीर त्याहून खोल होती, असे तिचे ठाम म्हणणे आहे.